मधल्या किमतीची काच

शकूताई,

तुमचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या भावाने आपलं फोटोचं दुकान उघडलं. मी म्हटलं होतं, राहू द्या थोडे दिवस. पण घरात बसून ते नुसते भिंतीकडे बघत राहायचे, म्हणून मीही मग आडवी आले नाही. इतवाऱ्याच्या बाजारातल्या लोकांना दुकान उघडं दिसलं की बरं वाटतं. शेजारच्या बांगडीवाल्याने न सांगता चहा पाठवला.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते तुमच्याकडेच आलं होतं. कॉलेजात शिकवणारे ते उंच सर, मुलाने पाठवलेला नवा कॅमेरा गळ्यात अडकवून. त्यांना काही ठाऊक नव्हतं. म्हणाले, शकूताईंना विचारायचं होतं, लेन्सपुढे कुठली काच लावू? तुमचे भाऊ गल्ल्यातली चिल्लर मोजायला लागले. मग मीच सांगितलं. सर बराच वेळ कॅमेऱ्याचा पट्टा बोटांभोवती गुंडाळत उभे राहिले. त्यांना तसंच परत पाठवावं असं मला वाटेना, म्हणून दोन फिल्टर काढले आणि ट्यूबलाइटखाली तिरके धरले. एकात अख्खी ट्यूब पांढरीधोप दिसली. दुसऱ्यात तीच ट्यूब मंद, हिरवट, पाण्यात बुडाल्यासारखी दिसली. दुसरा दिला. त्यांनी विचारलं, याहून महागातला घेऊ का? मी म्हटलं, घरचे फोटो काढायचे तर एवढं पुरे, उरलेल्या पैशांत लेन्सपुढे लावायची टोपी, हूड म्हणतात ती, घ्या, ती उन्हाला आणि धक्क्याला दोन्हींना कामी येते. ते गेल्यावर लक्षात आलं की हे सगळं मी तुमच्याच आवाजात बोलले. ‘मतलब काय सर’ असंसुद्धा मध्ये एकदा म्हणाले.

दमले आहे मी, ताई. रडायलासुद्धा अंगात जोर लागतो हे आता कळतंय. इंदूरच्या हॉस्पिटलचे हेलपाटे, बसचा तो घाट, तुमचं पथ्याचं वरण, रात्रंदिवस दाराकडे लागलेला कान, हे सगळं थांबलं तर विश्रांती मिळेल असं वाटलं होतं. मिळाली नाही. कान अजून दाराकडेच आहे.

मी रावेरहून लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही सासर सोडून माहेरी येऊन राहिला होतात. का आलात, हे मला कुणी सांगितलं नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, शकूला काही विचारायचं नाही. मी विचारलं नाही. तुम्ही मला वयाने कितीतरी मोठ्या, पण वहिनी म्हणायचात आणि लगेच पुढे ‘तू’ म्हणायचात. तुमच्या बोलण्यात अर्धं हिंदी असायचं, माझ्या बोलण्यात रावेरचे हेल. पहिलं वर्षभर आपण दोघी एकमेकींच्या बोलण्याला हसत होतो, आणि त्या हसण्यात प्रेम फारसं नव्हतं, हे तुम्हालाही माहीत होतं.

तुमचे भाऊ गिरणीच्या ऑफिसात होते. गिरणी कधी चालायची, कधी बंद असायची. मामंजींचा फोटो स्टुडिओ तसाच पडून होता. तो तुम्ही उघडलात. फोटो काढणारी बाई म्हणून लोक बघायला यायचे. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हळदीला, मेहंदीला, आतल्या खोलीत नवरी सजते तिथे पुरुष फोटोग्राफर नको असतो. आधी सिंधीपुऱ्यातून बोलावणी आली, मग गावागावातून. तुम्ही मला म्हणालात, लाइट धरायला चल, घरात बसून काय करशील. मी गेले. अशी मी या धंद्यात आले, लाइट धरायला.

ते दिवस परदेशी मालाला बाजार नुकता खुला झाल्याचे होते. जे पूर्वी कुणाच्या परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवावं लागायचं ते इतवाऱ्यातल्या हातगाडीवर दिसायला लागलं. तुम्ही खंडव्याच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडून त्यांची मोठ्या तोंडाची लेन्स घेतली. घरी आणून तुम्ही ती उशाशी ठेवून झोपलात, हे मी बघितलंय. तिच्यापुढे लावायला काच हवी होती. आपल्या गावात धूळ, यंत्रमागाचा उडता कापूस, लग्नातली हळद, आणि केळीच्या बागेत फोटो काढायचे तर तो चीक. काचेवर पडला आणि वाळला तर निघता निघत नाही. हातगाडीवर एक फिल्टर मिळाला, अगदी स्वस्तात. तुम्ही म्हणालात, काच तर काच, आरपार दिसतंय ना, बस.

तोच फिल्टर लावून आपण जसोंडी गावी मंगलच्या लग्नाला गेलो.

मंगलचे वडील रामदासभाऊ, केळीवाले. मोठं लग्न होतं. मांडवात चारी बाजूंनी हॅलोजन लावलेले. तुम्ही घामाने निथळत होता आणि तरी बायकांच्या घोळक्यातून वाट काढत सप्तपदीपर्यंत पोचलात. घाईत तुम्हाला कॅमेऱ्यात काही वेगळं दिसलं नाही. रोल धुऊन आले तेव्हा दिसलं. जिथे जिथे हॅलोजन समोर होता, तिथे त्याचं एक भूत उलट्या बाजूला उमटलं होतं. पांढरा, फिकट डाग. कुठे नवरीच्या कपाळावर, कुठे तिच्या आईच्या डोळ्यांवर. सप्तपदीचा एकही फोटो धड नव्हता.

तुम्ही टेबलावर सगळे फोटो पसरून बसला होता. रागावला नाहीत, डोकंही धरलं नाहीत. तो फिल्टर काढून ट्यूबलाइटखाली धरलात, आणि पहिल्यांदा बघितलंत की दिवा त्यात आरशासारखा दिसतोय. म्हणालात, वहिनी, हा लेन्सवरून परत आलेला उजेड पुन्हा आत ढकलतो. दुकानातच असा धरला असता तर तेव्हाच कळलं असतं.

मग फोटो पिशवीत घालून तुम्ही मला घेऊन बसने जसोंडीला निघालात. मी म्हटलं, निरोप पाठवू. तुम्ही म्हणालात, नाही, तोंडाने सांगायचं. रामदासभाऊंनी एकेक फोटो बघितला. बघून झालेला उपडा ठेवत गेले. मंगलच्या आईने तेवढं विचारलं, हे डाग पुसता येत नाहीत का? तुम्ही म्हणालात, येत नाहीत, पण मंगल आखाजीच्या सणाला माहेरी आली की तिला लग्नाचंच लुगडं नेसवा, मी येते आणि मायलेकींचे असे फोटो काढते की लग्नाचे विसराल. रामदासभाऊंनी मान हलवली. जेवल्याशिवाय त्यांनी आपल्याला परत पाठवलं नाही.

त्याआधी नवा फिल्टर घ्यायला आपण इंदूरला गेलो. त्या गल्लीतलं ते दुकान, खाली कॅमेरे आणि वर माळ्यावर घड्याळं. दुकानदाराने तीन फिल्टर पुढे ठेवले. स्वस्त, मधला आणि महाग. तुम्ही म्हणालात, तिन्ही दारापाशी नेते, उजेडात. त्याला ते आवडलं नाही, पण तुम्ही गेलातच. एकेक तिरका धरून आकाश बघितलंत. नंतर प्रत्येक फिल्टर खाली छापील कागदावर ठेवून बघितलात, कागद पिवळट दिसतो का ते. फिल्टरचं कडं लेन्सवर फिरवून बघितलंत, अडकत तर नाही ना. महागातला सगळ्यात चांगला होता, ते तुम्हीच म्हणालात. पण मधल्यातही दिवा मंद दिसत होता, आणि तोच तुम्ही घेतलात. दुकानदार म्हणाला, बहेनजी, इतनी महँगी लेन्स पर बीचवाला? तुम्ही म्हणालात, भैया, टूटना तो इसी को है.

आपल्याकडच्या दुसऱ्या लेन्सला काही घेतलं नाहीत. तिला टोपी आणि झाकण पुरे, म्हणालात. प्रत्येक डोळ्याला चष्मा लागत नाही. परतीच्या बसमध्ये मला झोप लागली तेव्हा माझं डोकं तुमच्या खांद्यावर होतं. जागी झाले तर तुम्ही हललाच नव्हता, खांदा अवघडून गेला होता.

आखाजीला जसोंडीत लिंबाच्या झाडाला झोका बांधलेला होता. माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या. मंगल लग्नाचं लुगडं नेसून आली आणि तुम्ही तिला झोक्यावर बसवलंत. मी बाजूला पांढरी चादर धरून उभी होते, उजेड तोंडावर पडावा म्हणून. आईचे आणि तिचे फोटो झाले. मग तुम्ही म्हणालात, आता एकटीचा, हात वर, दोरी नीट धर. तिने हात वर केला. बाही खाली सरकली. खटका दाबल्याचा आवाज आला, आणि तुम्ही कॅमेरा खाली घेतलात.

मलाही दिसलं. दंडावर बोटांचे निळे वळ, आणि त्यांच्यावर जुने पिवळे.

तुम्ही मला म्हणालात, वहिनी, आईंना घेऊन तिकडे विहिरीपाशी जा, आम्ही येतो. मी गेले. लांबून बघत होते. तुम्ही झोक्याच्या पाटावर तिच्या शेजारी बसला होता, मोठ्या बाईने झोक्यावर बसावं तसं अवघडून, आणि सारखं तुम्हीच बोलत होता. ती ऐकत होती. माझ्या शेजारी मंगलची आई म्हणत होती, पोरगी काही बोलत नाही हो, विचारलं तर हसते. बऱ्याच वेळाने मंगल रडायला लागली तेव्हा ती आई धावली.

मंगल परत सासरी गेली नाही. रामदासभाऊ आधी डगमगले, मग तिला पाठवणार नाही म्हणून एकदम ठाम झाले. आणि त्यानंतर आपल्या दुकानात ते दोघे आले, तिचा दीर आणि आणखी एक माणूस. तुमचे भाऊ गिरणीत होते. मी माझ्या लहान पोरीला कडेवर घेऊन आतल्या दारात उभी होते. दीर काउंटरवर हात ठेवून म्हणाला, तू फोटो काढायला गेली होतीस की घर मोडायला?

तुम्ही बसल्या जागेवरून उठलादेखील नाहीत. म्हणालात, “फोटोच काढत होते, भाऊ. एक निघालाय हाताचा. चौकीत दाखवू, की आधी तुम्हाला दाखवू?”

दिराने काउंटरवरचा हात काढला आणि दोघे गेले. तुम्ही पाणी प्यायलात आणि एका गिऱ्हाइकाचे पासपोर्टचे फोटो कापायला घेतलेत. कात्री मात्र वाकडी चालली. ते फोटो दुसऱ्यांदा काढावे लागले.

त्या दिवशी चूल पेटवताना आपलं भांडण झालं, ते आजवर मिटलेलं नाही. मी म्हटलं, ताई, असं काही करायच्या आधी घरात विचारायचं होतं. घरात लहान पोर आहे. त्यांनी काच फोडली असती, आणखी काही केलं असतं. तुम्ही पिठाचा हात तसाच ठेवून माझ्याकडे बघितलंत. “विचारलं असतं तर तुम्ही कोणी हो म्हणाला असता?” मी चुलीत लाकूड सारलं. त्या लग्नसराईत आपल्याला त्या बाजूच्या गावांमधून एक बोलावणं आलं नाही. तुमच्या भावाने कितीतरी दिवस तुमच्याशी धड बोलणं केलं नाही. तुम्ही त्याबद्दल एका शब्दाने तक्रार केली नाहीत, आणि माफीही मागितली नाहीत. मला अजून वाटतं की विचारायला हवं होतं. मला हेही माहीत आहे की आम्ही नाही म्हटलं असतं. या दोन्ही गोष्टी मी इतकी वर्षं बरोबर वागवते आहे. त्यांचं काय करायचं हे एखाद्या दुपारी तुमच्याशीच बोलायचं होतं.

बाकी आपली भांडणं साधी होती. पुढे तुम्ही माझ्याही हातात कॅमेरा दिलात, तेव्हा फिल्टर सतत लावून ठेवायचा की नाही, यावर आपण किती बोललो. माझं म्हणणं, एकदा लावला की लावला. तुमचं म्हणणं, दिवा समोर असेल तर काढायचा, आरतीला, दिवाळीला, तापीवर दिवे सोडतात तेव्हा तर नक्की काढायचा. चांगला असला तरी काच ती काच. मी काढायला विसरायचे आणि तुम्ही गर्दीतून हात घालून माझ्या लेन्सवरून तो फिरवून काढायचात, समोरचा माणूस बघतच राहायचा.

आणि मग बालाजीच्या मेळ्यात आकाशपाळण्याची एक सुटी कडी उडून माझ्या लेन्सवर बसली. फिल्टर तडकला. कडं दबलं आणि फिरेना. मी कापडाने पुसायला गेले तर तुम्ही माझा हात धरलात. म्हणालात, पुसू नको, चुरा आतल्या काचेवर घासेल. कॅमेरा तोंड खाली करून धरलात, रबरी फुग्याने वारा मारून चुरा पाडलात. मग जाड रबर कड्याभोवती गुंडाळून, घाई न करता, थोडं थोडं फिरवत राहिलात. आजूबाजूला पिपाण्या वाजत होत्या. कडं सुटलं. आतली लेन्स जशीच्या तशी होती. मला वाटलं आता मी जिंकले. तुम्ही नुसतं म्हणालात, उद्या नवीन घे, मधलाच. तेवढ्यावर विषय संपवलात, मला जिंकूसुद्धा दिलं नाहीत.

पुढे रोल गेले, डिजिटल आलं. तुम्ही डोळ्यांना त्रास होत असताना सगळं शिकून घेतलंत. फिल्टरवर छापलेल्या अल्ट्राव्हायोलेटचं आता नुसतं नाव राहिलं, म्हणायचात, नव्या कॅमेऱ्याला ती किरणं अडवायची गरज नाही, आपण लावतो ते धुळीसाठी आणि उडत्या कड्यांसाठी. नवीन पोरं नेटवर बघून एकावर एक दोन-दोन फिल्टर लावून आली की तुम्ही काही न बोलता एक काढून त्यांच्या हातात द्यायचात.

आजारात तुम्ही कधी कण्हला नाहीत, त्याचाही मला राग यायचा. कण्हला असतात तर मला जवळ बसायला निमित्त मिळालं असतं. एकदा मी तुमचे पाय चेपत होते. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, वहिनी, मी तुला काहीच सांगितलं नाही ना. मला वाटलं आता सांगाल. मी पाय चेपत राहिले. तुम्ही म्हणालात, चहा कर. मी चहा केला. येईपर्यंत तुम्हाला झोप लागली होती. तो कप मी खिडकीत ठेवला, आणि मग मीच प्यायले.

काल मंगल आली होती. तिला उशिरा कळलं. ती आता खंडव्याला असते, नर्स आहे, केस थोडे पिकलेत. तुमच्या फोटोपुढे ती बसली तेव्हा मी तिला एकटं सोडलं. मग स्वयंपाकघरात माझ्या शेजारी येऊन बसली आणि वाटाणे सोलायला लागली. म्हणाली, त्या दिवशी झोक्यावर ताईंनी मला काहीच विचारलं नव्हतं. त्यांचंच सांगत होत्या. त्यांच्या सासरचं. सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ते ऐकून मला बोलता आलं.

माझे हात थांबले. इतक्या वर्षांचं एकत्र राहणं, एका ताटात जेवणं, एका बसमध्ये झोपणं, आणि ती गोष्ट तुम्ही एका अनोळखी पोरीला एका दुपारी दिलीत. खोटं नाही बोलत, ताई, मला आधी राग आला.

मंगलने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “वहिनी, तुम्हाला माहीत नाही? सांगू का?”

मी पुढची शेंग उचलली. तिला हो म्हटलं असतं तर तुमच्याबद्दल जे मला नेहमी हवं होतं ते पाच मिनिटांत मिळालं असतं. पण तुम्ही ते तिला दिलंत कारण तिला त्याची गरज होती. माझ्यासमोर तुम्हाला फक्त शकूताई म्हणून राहायचं होतं, हसणारी, भांडणारी, जिच्यावर कुणी कधी हात उचललेला नाही अशी. या घरात तशी जागा तुम्हाला एकच मिळाली होती, आणि ती माझ्यापाशी होती. मला हे आधी कधी सुचलं नव्हतं.

मी मंगलला म्हटलं, “नको. तुझ्यापाशीच राहू दे.”

तिने मान हलवली. आम्ही वाटाणे सोलून संपवले. मग ती बससाठी निघाली, आणि मी तिला कोपऱ्यापर्यंत पोचवून आले.